धाराशिवची वाट आणि वस्ती

जानेवारी २०२० मध्यें धाराशिव येथें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें व त्याच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले, ही गोष्ट ह्या स्मरणिकेच्या वाचकांस ठाऊक आहेच. शहराचें नांव त्या वेळीं उस्मानाबाद होतें. निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्यावरून पडलेलें तें नांव जाऊन २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव पुन्हां रूढ झालें. फादरांनीं आपल्या हयातीचीं बरींच वर्षें वसईच्या हिरव्या वाड्या उंच इमारतींखालीं गडप होऊं नयेत म्हणून वेंचिलीं. ज्या नगरीनें त्यांस मान दिला, तिचें दुखणें मात्र वसईच्या अगदीं उलट होतें. वसईच्या बाजूस आगगाडी फार लवकर आली. धाराशिवास ती फार उशिरां आली. हा उशीर कसा झाला व त्यानें नगराच्या घडणीवर काय परिणाम केला, हें येथें सांगावयाचें आहे.

ह्या मुलखांत वाट आणि वस्ती ह्यांचें नातें फार जुनें आहे. धाराशिवाजवळचें तेर हें गोरोबा काकांचें गांव म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तेंच ‘तगर’ नांवाचें भरभराटीचें व्यापारी नगर होतें. तेथील कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असे, असें एका ग्रीक दर्यावर्द्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें तो व्यापार आटला आणि नगराचें खेडें झालें. विटांचें प्राचीन त्रिविक्रम मंदिर तेवढें मागें राहिलें.

आतां आगगाडीकडे वळूं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें अडीच फूट रुंदीचा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग बांधिला. १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, तेथून बार्शीपर्यंत एकवीस मैलांची गाडी सुरू झाली. ही छोटी गाडी पुढें येडशीवरून निजामाच्या राज्यांत शिरली व १९११ सालीं लातुरास पोंचली. ती जिल्ह्यांतून गेली, परंतु जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यास शिवली नाहीं! कचेऱ्या धाराशिवास, कोर्ट धाराशिवास, आणि गाडी पकडावयाची तर येडशीस जावें लागे. लातूरची पेठ कापसानें व धान्यानें फुगत गेली. धाराशिव मात्र कारकून, वकील व पक्षकार ह्यांचेंच गांव राहिलें. १९८२ सालीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचीं बीजें ह्या रुळांतच पेरलीं गेलीं होतीं, असें मला वाटतें.

ही उणीव कांहीं अंशीं मोटारींनीं भरून काढिली. निजाम सरकारनें १९३२ सालीं आपल्या रेल्वे खात्याकडूनच सत्तावीस बसगाड्या सुरू करून रस्त्यावरील उतारू-वाहतूक सरकारी केली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व पुढें एस्. टी.ची लाल गाडी हीच ह्या जिल्ह्याची आगगाडी ठरली. नगर वाढलें तें एस्. टी. स्थानक व सोलापूर–धुळें रस्ता ह्यांच्या आजूबाजूस, बैठ्या घरांनीं व पसरत पसरत.

त्यांत ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट उजाडली. गणेशविसर्जनाची रात्र उलटत असतां, चारच्या सुमारास, किल्लारी व सास्तूरच्या परिसरांत धरणीकंप झाला व आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. तेव्हांपासून ‘उंच घर नको’ असें लोकांच्या मनानें घेतलें. भीति साहजिक होती, परंतु तिचा रोख चुकला. माणसें मेलीं तीं उंच घरांत नव्हेत. दोन-तीन फूट जाडीच्या, मातींत बसविलेल्या गोल दगडांच्या भिंती, त्यांवर लाकडी माळवद आणि माळवदावर थरावर थर टाकलेली माती. हा सारा भार बैठ्या घरांतच निजलेल्यांच्या अंगावर आला. भिंतीच्या आरपार जाणारे दगड नव्हते, चारी भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. घात उंचीनें केला नाहीं. वजनानें व सांध्यांच्या अभावानें केला. सरकारनें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं. नवीं घरें भक्कम होतीं, ह्यांत संशय नाहीं. परंतु गल्लीबोळांच्या दाट गांवाऐवजीं सरळ रस्त्यांचीं ऐसपैस गांवें आखिलीं गेलीं, आणि शेत, विहीर व शेजार हीं सारींच दूर गेलीं. मजबूत घर मिळालें, पायपीट मात्र वाढली, असें कित्येकांनीं पुढें बोलून दाखविलें.

अखेर मोठ्या रुळांची गाडी धाराशिवास आली. लातुराकडून २००७ सालीं व कुर्डुवाडीकडून २००८ सालीं मार्ग पुरा झाला, आणि ह्या वेळीं तो मुद्दाम वळवून नगरापाशीं आणिला होता. स्टेशन मात्र गांवाबाहेर पडलें. २०११ च्या शिरगणतींत नगराची वस्ती लाखावर गेली होती, आणि आतां सदनिकांच्या इमारती डोकें वर काढूं लागल्या आहेत.

ह्या ठिकाणीं वसईचें उदाहरण उपयोगीं पडतें. विरारहून मुंबईस पहिली लोकल १८६७ सालीं निघाली व १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. तरी वाड्या पुष्कळ वर्षें वाड्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस मजले चढूं लागले ते मात्र पाणी, रस्ता व गाडींतील जागा ह्यांचा हिशेब न करितां. फादरांचें भांडण विटेशीं नव्हतें, ह्या बेहिशेबीपणाशीं होतें. धाराशिवास अजून हिशेब मांडावयास वेळ आहे. माझें मत विचाराल तर, पांच मैल पसरलेल्या बैठ्या वसाहतीपेक्षां स्थानकाजवळ तीन-चार मजल्यांचें, लोखंडी सळयांनीं नीट बांधलेलें घर गरिबास अधिक सोयीचें पडेल; कारण त्याला मोटार नसते, आणि रिक्षाचें भाडें रोज परवडत नाहीं.

९ जानेवारी २०१९ रोजीं पंतप्रधानांनीं सोलापूर–तुळजापूर–धाराशिव ह्या सुमारें चौऱ्याऐंशीं किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी मिळाल्याचें सांगितलें. भवानीचें तुळजापूर तोंपर्यंत आगगाडीच्या नकाशावर नव्हतेंच. तेथील यात्रेकरूंची सोय हा ह्या मार्गाचा बोलून दाखविलेला हेतु आहे. परंतु धाराशिवच्या स्टेशनाभोवतालचीं मोकळीं शेतें कोणाच्या हातीं जातात, आणि तेथून गांवांत येणारी बस आधीं सुरू होते कीं पांचवा मजला आधीं चढतो, तिकडेही नगरवासीयांनीं आतांपासून लक्ष ठेविलें पाहिजे.