वेलो-डॉग : पायगाडीच्या घरात वाढलेले पिस्तूल

बेल्जियममधील लिएज शहराला लागून असलेल्या हेर्स्ताल गावच्या 'फाब्रीक नासिओनाल' या शस्त्रकारखान्याने १८९७ साली हार्ट ओ. बर्ग नावाच्या आपल्या अमेरिकन मुखत्याराला अमेरिकेस रवाना केले, तेव्हा त्याच्यावर सोपविलेले काम सायकलींचे होते. तिकडे सायकली स्वस्तात, सफाईने आणि मोठ्या संख्येने कशा काढतात ते पाहून यावे, एवढाच हुकूम. हा कारखाना १८८९ साली बेल्जियन सरकारच्या दीड लक्ष माउझर रायफलींची मागणी पुरविण्यासाठी उभा राहिला होता. पुढे ती मागणी पुरी होत आली, माउझरच्या हक्कांवरून जर्मन भांडवलाशी तंटा उद्भवला, आणि इतकी उत्तम यंत्रे गंजू देण्यापेक्षा त्यांवर सायकली काढाव्यात, असा निर्णय चालकांनी घेतला. बर्ग हार्टफर्डला पोचला आणि तेथे त्याची गाठ पडली जॉन मोझेस ब्राउनिंग या शस्त्रसंशोधकाशी. सायकलीची विद्या शोधावयास गेलेला हा गृहस्थ खिशात मावेल अशा स्वयंचलित पिस्तुलाचा नमुना घेऊन परतला, जुलै १८९७ मध्ये ब्राउनिंग आणि हेर्स्तालचा कारखाना यांच्यात करार झाला, आणि त्यातून निघालेले १९०० सालचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल सात लक्षांहून अधिक संख्येने विकले जाऊन फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' हे विशेषनाम पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले. याच बर्गने पुढे राइट बंधूंची, म्हणजे डेटन गावच्या दोघा सायकल-कारागिरांची, युरोपातील मुखत्यारी केली.

ही हकीकत वाचल्यापासून एक विचार माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे, आणि जितके अधिक पाहावे तितका तो दृढ होतो. सामान्य उत्पन्नाच्या माणसाला परवडणारे, खिशात ठेवता येण्याजोगे आणि तरीही भरवशाचे पिस्तूल ही जी वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात अवतरली, ती सायकलीची सख्खी बहीण होय. एकाच छपराखाली, त्याच यंत्रांवर आणि बहुतांशी त्याच गिऱ्हाइकासाठी या दोघी वाढल्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, स्वस्त पिस्तुले त्याआधीही होती. होती खरी. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरचे एकबारी पिस्तूल आणि त्याच्या असंख्य नकला होत्या, तसेच लफोशो पद्धतीच्या, काडतुसाच्या बुडातून बाहेर आलेल्या खिळ्यावर घोडा आपटणाऱ्या लिएजच्या रिव्हॉल्व्हरांचे ढीगच्या ढीग बाजारात होते. परंतु स्वस्ताई आणि भरवसा यांची गाठ तोवर पडलेली नव्हती. स्वस्त पिस्तूल हाताने कानस मारून जुळविलेले असे, त्याचा एक भाग मोडला तर दुसऱ्याचा त्यात बसत नसे, आणि तो खिळा खिशात कशावर तरी आपटला तर बार उडण्याचे भय निराळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो की, स्वस्त आणि भरवशाचे हे दोन्ही गुण प्रथम साधले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या आयव्हर जॉन्सन या नॉर्वेजियन कारागिराच्या कारखान्याने. त्याच्या रिव्हॉल्व्हरात घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक लहानशी पट्टी असे. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येऊन घोड्याचा आघात टाचणीपर्यंत पोचवी, एरवी घोड्यावर हातोडी मारली तरी बार होत नसे. आणि 'हातोडीने घोड्यावर मारून पाहा' अशीच त्या कारखान्याची जाहिरात होती. रूगर कंपनीने १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांत हेच तत्त्व स्वीकारले, यावरून त्या युक्तीची योग्यता दिसते. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. कारण त्या कारखान्याचे दप्तरी नाव 'आयव्हर जॉन्सन्स आर्म्स अँड सायकल वर्क्स' असे होते. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील एत्येन मिमार यांच्या प्रसिद्ध कारखान्याचेही नाव पुढे 'शस्त्रे आणि सायकली यांचा फ्रेंच कारखाना' असेच झाले. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील पाट्यांवर हे दोन शब्द असे शेजारी बसावेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

यामागचे कारण उघड आहे. सायकलीला आणि पिस्तुलाला पोलादाच्या अचूक नळ्या लागतात. एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे लहान सुटे भाग हजारोंनी लागतात. योग्य तेवढेच पाणी दिलेल्या स्प्रिंगा, निकेलचा मुलामा आणि हे सारे तपासणारी काटेकोर मापके लागतात. कर्नल पोप यांनी १८७८ साली अमेरिकेत सायकली बनविण्याचे मनावर घेतले, तेव्हा ते ज्या वीड शिवणयंत्र कंपनीकडे गेले, ती हार्टफर्डमध्ये शार्प्स रायफलींच्या जुन्या कारखान्यातच नांदत होती. कोल्टचे गावही तेच. बर्ग आणि ब्राउनिंग यांची भेट हार्टफर्डलाच व्हावी, यात मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता ज्या वस्तूसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. पॅरिसचे शस्त्रकार शार्ल-फ्रांस्वा गालाँ यांनी १८९४ च्या सुमारास एक चिमुकले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'वेलो-डॉग'. काडतूस ५.७५ मिलिमीटरचे, सडपातळ आणि लांबोडके, जोर बेताचा. पुढे याच नावाने अनेक कारखानदारांनी जी रिव्हॉल्व्हरे काढली, त्यांतील बहुतेकांत घोडा आत झाकलेला असे आणि चाप दुमडून ठेवता येई, म्हणजे घाईने खिशातून काढताना कापडात काहीही अडकू नये. गिऱ्हाईक कोण, तर सायकलस्वार. १८८५ साली स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' निघाली, १८८८ साली डनलॉप यांची हवेची धाव आली, आणि पाहता पाहता शहरातील कारकून, शिक्षक आणि दुकानदार रविवारी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर दिसू लागले. तेथील कुत्र्यांनी हे वेगाने फिरणारे पाय कधी पाहिले नव्हते. पास्तर यांनी झोसेफ मेस्तेर या मुलाला अलर्काची पहिली लस टोचली तीही १८८५ सालीच, जुलै महिन्यात. म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश हा नुकताच उपायसाध्य झालेला, पण मनातून न गेलेला मृत्यू होता.

या नावाची सर्वमान्य व्युत्पत्ती सरळ आहे : 'वेलो' म्हणजे वेलोसिपीड, आणि 'डॉग' म्हणजे ज्याच्यापासून स्वाराचे रक्षण करावयाचे तो कुत्रा. मला ती अपुरी वाटते. फ्रेंच कारागीर फ्रेंच गिऱ्हाइकाला फ्रेंच रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी जी वस्तू विकतो, तिच्या नावात इंग्रजी शब्द कशाला? याला एक उत्तर असे देता येईल की, फ्रेंच शस्त्रकारांच्या बोलीत 'शियँ', म्हणजे कुत्रा, हे घोड्याचेच नाव आहे. आपण ज्याला बंदुकीचा घोडा म्हणतो त्याला ते कुत्रा म्हणतात, जर्मन लोक कोंबडा म्हणतात आणि स्पॅनिश लोक चापाला मांजरीचे पिल्लू म्हणतात. ज्या पिस्तुलाचा घोडा बाहेर दिसतच नाही, त्याच्या नावात 'शियँ' घातला असता तर दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांचाही गोंधळ उडाला असता, म्हणून इंग्रजी पर्याय घेतला. ही उपपत्ती चतुर आहे आणि तिच्यात तथ्यांशही आहे. पण फ्रेंच शब्द का टाळला एवढेच ती सांगते, इंग्रजी शब्द कोठून आला हे सांगत नाही.

माझे मत असे आहे की, हा 'डॉग' रस्त्यावरचा नसून कुळातला आहे. इंग्लंडमध्ये वेब्ली यांनी १८७२ साली आखूड नळीचे, जाड काडतुसाचे खिशातले रिव्हॉल्व्हर काढून त्याला 'ब्रिटिश बुलडॉग' असे नाव दिले. ते इतके लोकप्रिय झाले की लिएजच्या कारागिरांनी त्याच्या नकलांचा पूर आणला आणि 'बुलडॉग' हे एका कारखान्याचे नाव न राहता त्या जातीचेच नाव झाले. इतकेच नव्हे, तर त्याहून लहान, दुमडत्या चापाचे रिव्हॉल्व्हर बेल्जियममध्ये 'पपी' या नावाने विकले जाऊ लागले. बुलडॉगचे पिल्लू ते पपी, हा वंशविस्तार कारागिरांच्या मनात स्पष्ट होता. खिशातल्या रिव्हॉल्व्हराला श्वानकुलातले नाव द्यावयाचे, हा शिरस्ता गालाँ यांच्या आधीच रुळला होता, आणि त्यांनी केले ते इतकेच की 'बुल' काढून त्या जागी 'वेलो' बसविला : सायकलस्वाराचा बुलडॉग. नावातला कुत्रा असा शत्रू नसून राखणदार आहे. या प्रथेचे बळ एवढे, की स्मिथ अँड वेसनने १९३६ साली आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हराला 'टेरियर' म्हटले आणि चार्टर आर्म्सने १९७३ साली पुन्हा 'बुलडॉग'च काढला.

या मताविरुद्ध एक पुरावा आहे आणि तो मी लपवीत नाही. वेलो-डॉगसाठी गोळीऐवजी तिखटाची भुकटी, लाकूड किंवा बूच भरलेली काडतुसेही विकली जात, आणि ती उघडच कुत्र्याला ठार न मारता पळवून लावण्यासाठी होती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात कुत्रा होता, यात शंका नाही. परंतु वस्तू कशासाठी घेतली जाते आणि तिचे बारसे कोणी कोणत्या परंपरेतून केले, हे दोन निराळे प्रश्न आहेत. बारसे कारखान्यात होते. गालाँ स्वतः शस्त्रकार होते. बुलडॉग आणि पपी ही नावे त्यांच्या धंद्यात रोज उच्चारली जात होती. गिऱ्हाइकाने त्या नावात रस्त्यावरचा कुत्रा पाहिला असेल, तर तो दुहेरी अर्थ विक्रीला उपकारकच ठरला असेल.

स्वस्त वस्तू आपली करून घेण्याची हौस माणसाला महाग वस्तूपेक्षा अधिक असते, आणि वेलो-डॉगच्या बाबतीत ती पुरेपूर दिसते. कडक रबराच्या मुठीच्या पट्ट्या काढून हस्तिदंताच्या, शिंगाच्या किंवा शिंपल्याच्या बसवाव्यात, साध्या निळसर पोलादावर निकेलचा मुलामा चढवावा, चौकटीवर वेलबुट्टी कोरून घ्यावी, हा या रिव्हॉल्व्हरांचा सर्वत्र आढळणारा साजशृंगार होता. आयव्हर जॉन्सनच्या मुठीवर घुबडाचे मुंडके साच्यातूनच उठलेले येई. हेर्स्तालच्या १९०० च्या पिस्तुलाच्या मुठीवर तर त्या पिस्तुलाचेच चित्र असे. स्पेनच्या बास्क प्रांतातील आयबार या डोंगराळ गावात ही हौस कलेच्या पदवीला पोचली. पोलादावर सोन्याची तार ठोकून बसविण्याची, जिला आपल्याकडे कोफ्तगारी म्हणतात, ती विद्या त्या गावी प्लासिदो सुलोआगा यांच्या घरात होती. चित्रकार इग्नासिओ सुलोआगा हे त्यांचेच पुत्र.

वेलो-डॉगचा काळ संपविला तो सायकलीच्याच निमित्ताने युरोपात आलेल्या ब्राउनिंगने. त्याचे १९०६ सालचे ६.३५ मिलिमीटरचे पिस्तूल इतके चपटे आणि इतके लहान होते की, फिरत्या चाकाच्या रिव्हॉल्व्हराला खिशात जागाच उरली नाही, आणि शेवटी शेवटी वेलो-डॉगही त्याच काडतुसाचे होऊ लागले. दरम्यान हेर्स्तालच्या कारखान्याने आपल्या दुचाक्यांसाठी जी मुद्रा स्वीकारली, तीत रायफल आणि सायकलीचे पायटे ही दोन्ही एकत्र होती.

आयबारकरांनी ब्राउनिंगच्या १९०३ च्या नमुन्यावरून 'रूबी' नावाचे पिस्तूल काढले. १९१५ साली फ्रेंच सैन्याने ते बनविणाऱ्या गाबिलोंदो यांच्याकडे महिन्याला दहा हजारांची मागणी नोंदविली आणि ती वाढत वाढत तीस हजारांवर गेली, तेव्हा गावातील आणि आसपासच्या कितीतरी कारखान्यांना ते काम वाटून द्यावे लागले. परिणामी एकाचे काडतूस-कोठार दुसऱ्याच्या पिस्तुलात धड बसेना, म्हणून पिस्तुलावर आणि कोठारावर करणाऱ्याची आद्याक्षरे ठोकावी लागली. महायुद्ध संपले, मागणी आटली, आणि मग आयबारने तेच केले जे हेर्स्तालने पंचवीस वर्षांपूर्वी केले होते. बेइस्तेगी बंधूंनी आणि १८४० पासून शस्त्रे करणाऱ्या ऑर्बेआ घराण्याच्या कारखान्याने सायकली काढल्या. आल्फा ही शस्त्रकारांची सहकारी संस्था शिवणयंत्रांकडे वळली. १९३५ सालची पहिली स्पेन-परिक्रमा गुस्ताफ देलूर याने बेइस्तेगी बंधूंच्या सायकलीवर जिंकली. पिस्तुलाच्या नळीची विद्या सायकलीच्या सांगाड्यात उतरली, असे मी म्हणतो ते या आधारावर.

या कुळाची एकच शाखा आपल्या देशात रुजली. लिटनच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मुभा हिंदी माणसाला ठेवली नाही, त्यामुळे फ्रेंच कारकुनाच्या खिशात जे सहज होते, ते पुण्यामुंबईच्या कारकुनाच्या खिशात येऊ शकले नाही. सायकल मात्र आली आणि पुण्याने तर तिला आपलीच मानले. तथापि बंदूक तिच्यासोबत चिन्हरूपाने आलीच. रॉयल एनफील्ड हे नाव एनफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरविण्यातून आले, आणि बीएसए म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स', १८६१ साली बंदुकांच्या कारागिरांनी उभारलेली कंपनी. ज्यांच्या वाड्यात किंवा माळ्यावर आजोबांची विलायती बीएसए सायकल पडून असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावरची धूळ पुसावी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका तेथे दिसतील. निदान तो बिल्ला तरी जपून ठेवावा, ही विनंती.