संयुक्त राष्ट्रसंघातील कार्यालयीन विमानप्रवास : नियम, खर्च आणि उत्तरदायित्व

न्यूयॉर्क येथे मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाचे कार्य जगाच्या सर्व खंडांत विस्तारलेले आहे. शांतिसेनेच्या तळांची पाहणी, दुष्काळ व साथरोगांच्या काळातील मदतकार्य, तज्ज्ञांच्या बैठका आणि सदस्य राष्ट्रांशी वाटाघाटी यांसाठी अधिकाऱ्यांना सातत्याने विमानप्रवास करावा लागतो. या प्रवासाचा खर्च भारतासह १९३ सदस्य राष्ट्रांच्या वर्गणीतून आणि ऐच्छिक देणग्यांतून भागविला जातो. त्यामुळे कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या श्रेणीतून प्रवास करावा, हा प्रश्न केवळ प्रशासकीय सोयीचा राहत नाही. तो आमसभेच्या पाचव्या म्हणजे अर्थसंकल्पविषयक समितीपुढे वारंवार येत असतो.

या खर्चाची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रसंघ परिवारातील संस्थांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या, जिनिव्हास्थित संयुक्त निरीक्षण पथकाने २०१७ मध्ये विमानप्रवासविषयक धोरणांचा आढावा घेतला. त्यानुसार २०१२ ते २०१५ या चार वर्षांत या संस्थांचा विमानप्रवासावरील खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर इतका झाला होता.

श्रेणी कशी ठरते

प्रवासाच्या श्रेणीविषयी आमसभेने १९७० च्या दशकापासून अनेक ठराव संमत केले आहेत. पहिल्या वर्गाचा वापर मर्यादित ठेवणे हा त्यांचा प्रमुख हेतू होता. सचिवालयाने २०१३ साली जारी केलेल्या प्रशासकीय निर्देशानुसार पहिल्या वर्गाची मुभा अत्यंत मर्यादित ठेवण्यात आली. अवर महासचिव व सहायक महासचिव यांच्यासाठी त्याखालील म्हणजे बिझनेस श्रेणी निश्चित करण्यात आली. अन्य सर्व कर्मचाऱ्यांसाठी इकॉनॉमी अर्थात साधारण श्रेणी हा सर्वसामान्य नियम राहिला.

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी मात्र या नियमाला सवलत देण्यात आली. एकाच टप्प्याचा प्रवास ९ तास वा त्याहून अधिक असल्यास बिझनेस श्रेणी अनुज्ञेय ठरली. अनेक टप्प्यांच्या प्रवासात ही मर्यादा ११ तासांची ठेवण्यात आली आणि त्यात विमान बदलण्यासाठी लागणारे जास्तीत जास्त दोन तास धरण्याची तरतूद झाली. उदाहरणार्थ, दिल्लीहून काठमांडू किंवा बँकॉकला जाणाऱ्या अधिकाऱ्याला साधारण श्रेणीतूनच जावे लागते, तर दिल्ली ते न्यूयॉर्क हा थेट प्रवास ही मर्यादा सहज ओलांडतो. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रकृतीचा व कार्यक्षमतेचा विचार या सवलतीमागे आहे.

तिकीट केव्हा काढले, हेही महत्त्वाचे

प्रवासाची श्रेणी लोकांच्या नजरेत भरते, परंतु प्रत्यक्ष खर्च बव्हंशी तिकीट किती आधी काढले यावर अवलंबून असतो. विमान कंपन्यांचे भाडे प्रस्थानाची तारीख जवळ येते तसे सामान्यतः वाढत जाते. म्हणूनच २०१३ च्या निर्देशात प्रवासाची सर्व व्यवस्था, तिकीट खरेदीसह, प्रस्थानापूर्वी १६ दिवस पूर्ण करण्याचे बंधन घालण्यात आले. या अटीचे पालन अनेक विभागांत अपुरे राहिल्याबद्दल आमसभेच्या सल्लागार समितीने वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे. आणीबाणीच्या प्रसंगी ऐनवेळी निघावे लागणे समजण्यासारखे आहे, मात्र ज्या बैठकीची तारीख कित्येक महिने आधी ठरलेली असते, तिच्यासाठी अखेरच्या आठवड्यात तिकीट काढणे हा नियोजनातील दोष ठरतो.

भारत सरकारनेही याच तत्त्वाचा अवलंब केला आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अनुज्ञेय श्रेणीतील सर्वांत स्वस्त भाडे निवडण्याची आणि प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी तिकीट काढण्याची सूचना दिली होती.

भाड्याखेरीज अन्य खर्चही असतो. निवास व भोजनासाठी दैनिक निर्वाह भत्ता मिळतो व त्याचे दर आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग ठिकाणानुसार ठरवितो. प्रवास संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत हिशेब सादर करणे आवश्यक करण्यात आले. स्वदेशी रजेवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिकिटाऐवजी ठोक रक्कम घेण्याचा पर्याय असतो. पूर्वी ती पूर्ण साधारण भाड्याच्या ७५ टक्के असे. २०१३ मध्ये ती सर्वांत कमी निर्बंध असलेल्या साधारण भाड्याच्या ७० टक्क्यांवर आणण्यात आली.

अपवाद आणि त्यांचा हिशेब

वैद्यकीय कारण, नियमित श्रेणीत जागा नसणे, अतिशय कष्टप्रद प्रवास किंवा निमंत्रित मान्यवर व्यक्ती अशा प्रसंगी वरच्या श्रेणीस मंजुरी देण्याचा अधिकार महासचिवांना आहे. अशा अपवादांची माहिती आमसभेला अहवालाद्वारे द्यावी लागते. संयुक्त निरीक्षण पथकाने २०१७ च्या अहवालात याहून पुढे जाऊन पहिला वर्ग सर्वच पदांसाठी रद्द करावा आणि बिझनेस श्रेणी उपलब्ध नसेल तेव्हाच त्याचा वापर व्हावा, अशी शिफारस केली.

नियमांचे महत्त्व दोन प्रकरणांतून स्पष्ट झाले. मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना प्रवासावर दरवर्षी सुमारे २० कोटी डॉलर खर्च करते आणि एड्स, क्षयरोग व हिवताप यांसारख्या रोगांवरील तिचा एकत्रित खर्च त्याहून कमी आहे, असे वृत्त असोसिएटेड प्रेसने दिले. त्यावर, प्रवासखर्चाचा सुमारे ६० टक्के भाग बाहेरील तज्ज्ञ आणि सदस्य देशांचे प्रतिनिधी यांना बैठकांसाठी आणण्यावर होतो, असे स्पष्टीकरण संघटनेने दिले.

दुसरे प्रकरण नैरोबीस्थित पर्यावरण कार्यक्रमाचे आहे. त्याचे कार्यकारी संचालक एरिक सोलहाइम हे ६६८ पैकी ५२९ दिवस प्रवासात होते व त्यावर ४ लाख ८८ हजार ५१८ डॉलर खर्च झाले, अशी नोंद २०१८ मधील अंतर्गत लेखापरीक्षणात झाली. डेन्मार्क, स्वीडन यांसारख्या देणगीदार देशांनी निधी रोखून धरला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सोलहाइम यांनी राजीनामा दिला. हवामानबदल रोखण्याचे आवाहन करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाविषयी हा आक्षेप असल्याने त्याची विशेष चर्चा झाली.

काटकसर आणि सहभाग यांचा समतोल

ऑक्टोबर २०१९ मध्ये रोखतेच्या तीव्र टंचाईमुळे महासचिव अंतोनियो गुतेरस यांनी कार्यालयीन प्रवास अत्यावश्यक कामांपुरता मर्यादित केला. त्या वेळी सप्टेंबरअखेरची तूट २३ कोटी डॉलर होती. पुढच्याच वर्षी कोरोनाच्या साथीने अनेक बैठका दूरदृश्य प्रणालीद्वारे होऊ शकतात, हे दाखवून दिले.

तथापि प्रवास कमी करणे म्हणजेच सुशासन, असे समीकरण मांडता येत नाही. आमसभेच्या नियमित अधिवेशनासाठी प्रत्येक अल्पविकसित देशाच्या पाच प्रतिनिधींपर्यंतचा प्रवासखर्च संघटनाच उचलते. ही तरतूद नसेल, तर अनेक गरीब राष्ट्रांना सभागृहात पुरेसे प्रतिनिधी पाठविणे कठीण होईल. युद्धग्रस्त भागातील पाहणीही पडद्यावरून पूर्ण होत नाही. म्हणूनच खरी कसोटी प्रवास आवश्यक होता काय, तो वेळेवर ठरला काय आणि दिलेला अपवाद सदस्य राष्ट्रांपुढे समर्थनीय ठरतो काय, या तीन प्रश्नांची आहे. त्यांची उत्तरे नोंदीसह उपलब्ध असतील, तरच तिकिटावर खर्च झालेला पैसा कामासाठीच खर्च झाला, असा विश्वास वर्गणी देणाऱ्या देशांना वाटू शकतो.