गाणाऱ्या बायांचा गळा

मागच्या वेळी मी रेडिओवर बोलले तेव्हा दोघीतिघींनी फोन करून विचारलं, "ताई, आवाज असा का चिरकतोय? सर्दी झाली का?" सर्दी नव्हती. कार्तिकात महिनाभर पहाटे काकडा आणि दुपारी गटांच्या बैठका. आमच्या समाजमंदिराला लागूनच पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की कर्जाच्या हप्त्याचा हिशोबसुद्धा ओरडून सांगावा लागतो. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत माझा गळा पार बसला. मध चाटला, मिरं चघळलं, ज्येष्ठमध तोंडात धरला आणि तसंच रेटून गात राहिले. शेवटी तालुक्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत बघून सांगितलं, "स्वरतंतूंवर घट्टे आलेत. कोयता धरून तुमच्या हाताला पडतात ना, तसेच. थोडे दिवस कमी बोला. आणि कुजबुजू नका, कुजबुजण्यानंही घशावर ताण येतो."

मी आणि कमी बोलायचं! घरात सगळे हसले. पण त्या गप्प बसायच्या दिवसांत मी गाणाऱ्यांची चरित्रं वाचली. आवाज गेल्यावर मोठमोठ्या गाणाऱ्यांनी काय केलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक गंमत. बोलताना बाईचे स्वरतंतू एका सेकंदात साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात. वरच्या पट्टीत गाताना त्याहून कितीतरी जास्त. पण जिवंत माणसाच्या गळ्यातलं हे काम माणसाला कितीतरी काळ पाहताच येत नव्हतं. ते नीट पाहिलं ते मानुएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तरांनी, १८५४ साली. हा माणूस डॉक्टर नव्हता. दात तपासायचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्यांनी घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू गाताना हलताना पाहिले. आज घशाचे डॉक्टर जी तपासणी करतात, तिची ही सुरुवात. गार्सिया १०१ वर्षं जगले. गळ्याची काळजी अशी आधी गाणाऱ्यालाच पडली होती.

आता आपल्याकडच्या गंगूबाई हनगल. त्यांचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गाणं गात. गाणाऱ्या घराण्यातली मुलगी म्हटल्यावर लोक रस्त्यात 'गाणेवाली' म्हणून टोमणे मारत. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यात ही अकरा वर्षांची मुलगी स्वागतगीत गायली. गाण्यापेक्षा तिला धास्ती होती ती जेवणाच्या पंगतीची. आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी काढायला लावतील की काय, ही.

पुढे ग्रामोफोनच्या काळात त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, त्यावर नाव असे 'गांधारी'. जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतंही त्या गायल्या. त्या रेकॉर्डी ऐका. आवाज बारीक, उंच, मुलीचा. आणि नंतरच्या गंगूबाई ऐका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी बुवा गातायत. मी आमच्या गटात मोबाईलवर ऐकवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "हे कोण महाराज?"

मधे झालं असं की त्यांच्या घशाला दुखणं झालं, टॉन्सिलवर उपचार झाले आणि त्यानंतर आवाज खाली उतरला, जड झाला. तो परत वर चढलाच नाही. विचार करा, किराणा घराण्याचं गाणं. ते नाजूक, गोड गळ्याचं म्हणून नावाजलेलं. त्याच घराण्यात हिराबाई बडोदेकरांचा रेशमासारखा आवाज लोकांच्या कानात बसलेला. त्यात ही बाई पुरुषी आवाज घेऊन बसली. पोटापाण्याचा प्रश्न गाण्यावर अवलंबून. दुसरी कुणी असती तर बंद केलं असतं, निदान जुनाच आवाज ओढूनताणून काढायचा प्रयत्न केला असता. गंगूबाईंनी ते केलं नाही. आहे त्या आवाजाची पट्टी धरली आणि तिथून गाणं मांडलं. मला वाटतं, त्यांचा गळा इतकी वर्षं टिकला त्यात याचा मोठा वाटा असणार.

दुसरं कारण त्यांचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे मराठी रंगभूमीवर गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला शिकायला जात. संसार, मुलं सांभाळून. रात्री परतीच्या गाडीसाठी स्टेशनपर्यंत सोबत करायला तिथंच शिकणारे भीमसेन जोशी येत. गुरूंनी शिकवलं की कंजूष माणूस पैसा मोजून बाहेर काढतो तसा सूर काढायचा, एकदम उधळायचा नाही. हे गंगूबाई स्वतः सांगत. बचत गटवाल्यांना हे वेगळं समजवायला नको! आपण मात्र भजनात पहिल्याच अभंगाला टिपेला जातो आणि आरतीपर्यंत गळ्यात शिल्लक काही राहत नाही.

गंगूबाई नव्वदी ओलांडेपर्यंत गायल्या. त्यांच्या मागे बसून लेक कृष्णा गात असे. आईचा जड आवाज आणि लेकीचा हलका, दोन्ही मिळून मैफल होई. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, २००९ साली त्या गेल्या.

किशोरी आमोणकरांचंही थोडक्यात सांगते. ऐन पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला, आणि दोनएक वर्षं त्या गाऊ शकल्या नाहीत. आई मोगूबाई कुर्डीकर हीच गुरू, घरात चोवीस तास गाणं, आणि आपण मुक्या. त्यांनी औषधोपचार घेतले, घाई केली नाही, आणि आवाज परत आला. दोन वर्षं! मला पंधरा दिवस जड गेले.

आता कुमार गंधर्व. हे पुरुष असले तरी त्यांची गोष्ट बायांचीच आहे. लहानपणापासून मैफली गाजवणारा हा मुलगा पंचविशीच्या आतच क्षयानं पडला. १९४८ साली ते मध्य प्रदेशात देवासला कोरड्या हवेसाठी राहायला गेले. गाणं बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. पत्नी भानुमतीताई स्वतः गायिका, त्यांनी सारी शुश्रूषा केली. वर्षानुवर्षं खाटेवर पडून कुमारजी काय ऐकत होते? बाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायांची गाणी. लग्नाची, सणाची, पावसाची. ती त्यांनी मनात साठवली, पुढे त्यांतून नवे राग बांधले. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच निघालं होतं, त्यानं ते वाचले आणि १९५३ च्या सुमारास परत गायला बसले. दम पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी लांब ताना सोडून छोट्या छोट्या झेपांचं गाणं केलं, आणि ते ऐकून लोक चकित झाले. गाणाऱ्या त्या बायांना बहुतेक कधी कळलंही नसेल की खाटेवरच्या माणसाला आपण काय दिलं.

आपल्या आज्यासुद्धा गातच होत्या. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांना महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळाल्या आहेत. आठवून बघा, जात्यावर दोघी बसत. एक गाई तेव्हा दुसरी दम घेई. पहाटेची शांतता, कुणावर आवाज चढवायचा नाही, लय जात्याच्या फेऱ्याची. गळ्याला याहून बरी रीत नाही. मी आता आमच्या मंडळात तेच सुरू केलंय. अर्ध्या जणींनी चरण धरायचं, अर्ध्या जणींनी गप्प राहायचं. पाण्याचा तांब्या मधोमध. घसा खाकरायचा नाही, घोट घ्यायचा. बैठक मात्र गिरणी बंद झाल्यावर, हे गावाला मान्य करून घ्यायला मला तीन महिने लागले.

पण जुनं सगळंच चांगलं होतं असं नाही. त्याच आज्या चुलीच्या धुरात बसत आणि मिश्री लावत.

इथं मला आमच्या भजनाच्या एका काकूंचं सांगायचंय, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. चाल त्याच लावतात, आम्ही सगळ्या त्यांच्या मागे. दिवाळीपासून त्यांचा आवाज घोगरा आहे. खोकला नाही, ताप नाही, फक्त आवाज. चाळीस वर्षांची मिश्री. मी म्हटलं, काकू, दवाखान्यात चला. म्हणाल्या, "अगं, गाऊन गाऊन बसलाय, तुझाही बसला होता ना?"

माझा बसला होता तेव्हाच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर आत बघून घ्यायचंच, आणि तंबाखू, मिश्री असेल तर आधी. कारण घट्टे असतील तर विश्रांतीनं जातात, पण कर्करोग असेल तर लवकर सापडलेला बरा होण्याची आशा खूप जास्त असते. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायची. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कुमारजींच्या वेळी तसं नव्हतं.

काकूंना मी हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही, गंगूबाईंच्या दोन रेकॉर्डी ऐकवल्या. आधीची आणि नंतरची. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "आवाज बदलला तरी लोक ऐकत होते का गं तिचं?" मी म्हटलं, साठ वर्षं ऐकत होते.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी तालुक्याला जातोय.