स्मृतिताण व संगणकाचा अवरोध

संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या कार्यक्रमांना मिळून लागणारी स्मृती प्रत्यक्ष उपलब्ध स्मृतीपेक्षा बरीच अधिक झाली म्हणजे यंत्रात कोणताही बिघाड नसताना त्याचे काम जवळजवळ ठप्प होते. या स्थितीस ‘थ्रॅशिंग’ अशी संज्ञा आहे. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीची, बहुतेक शक्ती माहितीची ने-आण करण्यातच खर्च होते व मूळ काम पुढे सरकत नाही. या दोषाच्या निदानाचा इतिहास सु. सहा दशकांचा आहे. ‘स्मृती किती शिल्लक आहे’ या प्रश्नाकडून ‘स्मृतीअभावी किती वेळ वाया गेला’ या प्रश्नाकडे झालेली वाटचाल, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

आभासी स्मृतीचा उदय : आरंभीच्या संगणकांत मुख्य स्मृती अत्यल्प असे. कार्यक्रमाचे तुकडे पाडून ते आळीपाळीने स्मृतीत आणण्याची योजना कार्यक्रम लिहिणाऱ्यासच करावी लागे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या सहकार्याने तयार केलेल्या ‘ॲटलास’ संगणकाने हे काम यंत्राकडे सोपविले. या संगणकाचे उद्‌घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याची चुंबकीय गाभ्यांची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची, तर चुंबकीय पिंपावरील दुय्यम साठा ९८,३०४ शब्दांचा होता. दोहोंची विभागणी प्रत्येकी ५१२ शब्दांच्या पृष्ठांत केलेली असल्याने मुख्य स्मृतीत एका वेळी ३२ पृष्ठे मावत. हवे असलेले पृष्ठ मुख्य स्मृतीत नसल्यास यंत्र ते पिंपावरून आपोआप आणी व त्यासाठी दुसरे एखादे पृष्ठ बाहेर काढी. कार्यक्रम लिहिणाऱ्यास मात्र सर्व साठा एकसंध भासे. आभासी स्मृतीची कल्पना ती हीच.

अवरोधाचा शोध : अनेकांची कामे एकाच यंत्रावर चालविण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हा या सोयीची दुसरी बाजू उघड झाली. कामांची संख्या वाढविली असता काही मर्यादेपर्यंत यंत्राची कार्यक्षमता वाढे. ती मर्यादा ओलांडताच ती हळूहळू नव्हे, तर एकाएकी कोसळे. प्रथम संशय पृष्ठे निवडण्याच्या रीतीवर आला. एल. ए. बेलाडी यांनी १९६६ मध्ये निरनिराळ्या रीतींची तुलना प्रसिद्ध केली. सर्वांत आधी आलेले पृष्ठ आधी बाहेर काढण्याच्या रीतीत स्मृती वाढविल्यावर क्वचित पृष्ठांची ने-आण उलट वाढते, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये दाखविले.

दोषाचे मूळ मात्र अन्यत्र होते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत त्याची मीमांसा केली. कोणताही कार्यक्रम ठराविक काळात आपल्या पृष्ठांपैकी काहींचाच वारंवार वापर करतो. या पृष्ठांच्या समूहास त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हणजे कार्यरत संच असे नाव दिले. चालू असलेल्या सर्व कामांचे कार्यरत संच मुख्य स्मृतीत मावत नसतील, तर प्रत्येक काम दुसऱ्याची आवश्यक पृष्ठे हिरावून घेते. मुख्य स्मृती व दुय्यम साठा यांच्या वेगांत हजारो पटींचे अंतर असल्याने पृष्ठांच्या मागणीत झालेली अल्प वाढही प्रक्रियकाला दीर्घ काळ ताटकळत ठेवते. येथेच निदानाची चूक होई. प्रक्रियक रिकामा दिसल्यामुळे यंत्रावर काम कमी आहे, अशी समजूत होऊन आणखी कामे दाखल केली जात व अवरोध अधिकच वाढे. ज्याचा कार्यरत संच मावत असेल तेच काम चालू ठेवावे, हा डेनिंग यांचा उपाय होता.

निदानाची साधने : पुढे यूनिक्स कुळातील कार्यप्रणालींत आभासी स्मृती आली; बर्कली येथील १९७९ ची आवृत्ती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शिल्लक स्मृती व आत-बाहेर गेलेली पृष्ठे यांची मोजदाद करणारी साधनेही प्रचारात आली. परंतु हे आकडे फसवे ठरतात. रिकामी स्मृती वाया जाऊ नये म्हणून कार्यप्रणाली तीत फाइलींच्या प्रती ठेवते. त्यामुळे शिल्लक आकडा लहान असणे हे रोगाचे लक्षण नव्हे. याउलट, पृष्ठे बाहेर ठेवण्यासाठी तबकडीवर राखलेली ‘स्वॅप’ जागा बंद केली, तरी अवरोध टळत नाही. कार्यक्रमांच्या आज्ञांची पृष्ठेच मग टाकून द्यावी लागतात व पुढच्याच क्षणी तबकडीवरून पुन्हा वाचावी लागतात. दर वेळी थोडी जागा मोकळी होत असल्याने स्मृती संपली असे लिनक्सच्या गाभ्यास वाटत नाही. परिणामी एखादा कार्यक्रम बळजबरीने बंद करण्याची त्याची अखेरची तरतूद अमलात येण्यापूर्वीच पडदा गोठतो व कळफलक प्रतिसाद देईनासा होतो.

या अडचणीवर दोन टप्प्यांत मार्ग निघाला. लिनक्सच्या ३·१५ या आवृत्तीत (२०१४) बाहेर टाकलेल्या पृष्ठाची खूण मागे ठेवण्याची व्यवस्था झाली. पृष्ठ फार लवकर परतले, तर ते कार्यरत संचातील होते, हे त्यावरून कळते. ४·२० या आवृत्तीत (डिसेंबर २०१८) योहानेस वायनर यांनी विकसित केलेले दाबमापन समाविष्ट झाले. निदान एक काम स्मृतीसाठी खोळंबले असा काळ आणि कोणतेच काम पुढे सरकू शकले नाही असा काळ, यांची ते वेगवेगळी नोंद करते व १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरी देते. दुसऱ्या प्रकारची दहा सेकंदांची सरासरी ४० टक्के असल्यास त्यांतील सु. चार सेकंद पूर्णतः वाया गेले, असा तिचा सरळ अर्थ होतो. अँड्रॉइड प्रणालीने २०१९ मध्ये व लिनक्सवरील सिस्टिमडी या संचाने २०२० मध्ये अशा मापनावर आधारलेली नियंत्रणे स्वीकारली.

महत्त्व : योग्य निदानावाचून केलेला उपचार येथे घातक ठरतो. कार्यक्रम अकारण बंद केल्यास वापरणाऱ्याचे न जतन केलेले काम नष्ट होते. निर्णय लांबविल्यास सर्वांचेच काम अडते. मापनामुळे ही निवड करणे टळत नाही; तथापि ती वेळेवर व कारण जाणून करता येते. स्मृती स्वस्त होऊन कित्येक पटींनी वाढली, तरी कार्यक्रमांची मागणीही तिच्याबरोबर वाढत गेल्याने डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेले तत्त्व कालबाह्य झालेले नाही.