लाँग रायफल : एका दंतकथेची नळी, चाप आणि रंजक

१/
अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध साध्या शेतकऱ्यांनी झाडाआडून अचूक नेम धरून जिंकले, आणि हा नेम त्यांना चकमकीच्या लांब रायफलीने दिला, अशी समजूत दोन शतके प्रचलित आहे. ही बंदूक असामान्य होती यात शंका नाही. मात्र तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून जन्मल्या होत्या. ती रचना समजली की दंतकथेतले खरे किती, हेही समजते.

२/
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक प्रदेशांतील अनेक कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊन वसली. त्यांत बंदूक घडवणारे कारागीरही होते. मायदेशी ते ‘येगर’ नावाची शिकारी रायफल बनवीत. तिची नळी आखूड, सुमारे ७५ सेंटिमीटरची, आणि गोळी जाड असे. युरोपातील राखीव रानांत ती पुरेशी होती. अमेरिकेतील शिकारी मात्र महिनोन्‌महिने वस्तीपासून दूर राही आणि दारूगोळा पाठीवर वाहून नेई.

३/
लँकेस्टर व आसपासच्या गावांतील कारागिरांनी या गरजेनुसार बंदूक बदलली. नळी १०५ ते ११५ सेंटिमीटरपर्यंत लांबली आणि तिचा व्यास कमी झाला. यामागचे गणित सोपे आहे. ब्रिटिश सैन्याच्या मस्केटसाठी एक पौंड शिशातून सुमारे १४ गोळ्या निघत. ०.४५ इंच व्यासाच्या रायफलीसाठी तेवढ्याच शिशातून ५० हून अधिक गोळ्या निघतात. रानात ही बचत म्हणजे जगण्याची मुदत वाढवणे होते.

४/
मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे; रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ रेषा धरते. मस्केटचा नेम माणसाएवढ्या लक्ष्यावर ८०-१०० यार्डांपलीकडे भरवशाचा राहत नसे. कुशल हातातील लाँग रायफल २०० यार्डांवरही धोकादायक ठरे.

५/
गोळीने खाचा पकडाव्यात यासाठी एक साधी युक्ती होती. नळीपेक्षा किंचित लहान गोळी तेला-चरबीत भिजवलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गजाने आत ठासली जाई. कापड खाचांत घट्ट बसे, गोळीला फिरकी देई आणि बाहेर पडताच गळून जाई. हे तुकडे ठेवण्यासाठी दस्त्याच्या उजव्या अंगाला झाकणाची छोटी पेटी असे. सुरुवातीला हे झाकण लाकडी व सरकते होते. पुढे नक्षीदार पितळी झाकणे आली आणि त्यांच्या घडणीवरून आज जाणकार कारागिराचा प्रदेश ओळखतात.

६/
नळी घडवणे हे सर्वांत कष्टाचे काम. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून सळईभोवती वळवायची, कडा एकमेकींवर आणून घणाने सांधायच्या, मग आतून कोरून पोकळी एकसारखी करायची. त्यानंतर लाकडी मार्गदर्शक दांड्याच्या आधारे लहानशी पाती पुन्हापुन्हा ओढून एकेक खाच कोरायची. प्रत्येक ओढीत लोखंडाचा केवळ बारीक कीस निघे. एखादा सांधा कच्चा राहिला, तर त्याची परीक्षा थेट बार उडताना होई.

७/
दस्ता बहुधा मेपलच्या लाकडाचा असे. लाकूड निवडताना लाटांसारखे रेषे असलेला तुकडा पसंत केला जाई. त्यावर आम्लात लोखंड विरघळवून केलेला द्राव लावून आच दिली, की त्या लाटा तांबूस-तपकिरी रंगात उठून दिसत. चाप-चकमकीची यंत्रणा मात्र अनेकदा इंग्लंड किंवा जर्मनीहून आयात केलेली असे. जोसेफ डिकर्टसारख्या लँकेस्टरच्या कारागिरांची नावे आजही नळ्यांवर कोरलेली सापडतात.

८/
ही यंत्रणा कशी चाले? घोड्याच्या जबड्यात गारगोटी घट्ट आवळलेली असते. चाप ओढताच घोडा झेपावतो, गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, पट्टी पुढे उलटते आणि ठिणग्या खालच्या वाटीतील रंजकावर पडतात. रंजक पेटते, त्याची ज्योत नळीच्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते आणि बार उडतो. कधी नुसते रंजक भडकते आणि नळी गप्प राहते. ‘फुसका बार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ अशा क्षणी नेमका कळतो.

९/
आता युद्धाकडे. १४ जून १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने निष्णात रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारण्याचा ठराव केला : सहा पेनसिल्व्हेनियातून, दोन मेरिलँडमधून आणि दोन व्हर्जिनियातून. अमेरिकी भूसेना हाच दिवस आपला स्थापनादिन मानते. रायफलधारी सैनिकांना सुरुवातीपासून मान होता. तरीही बहुसंख्य सैन्याच्या हाती शेवटपर्यंत मस्केटच राहिली.

१०/
याची कारणे दोन. सरावलेला शिपाई मस्केटचे मिनिटाला तीन बार काढी. घट्ट गोळी ठासावी लागणाऱ्या रायफलीला एका बारासाठी साधारण मिनिटभर लागे. शिवाय रायफलीला संगीन बसत नसे. समोरून संगिनींची रांग धावून आली, तर रायफलधाऱ्याच्या हाती एक रिकामी नळी उरे. महादजी शिंदे यांनी द बॉयन्यच्या हाताखाली उभारलेल्या कवायती पलटणींतही चकमकीच्या, संगीन लावलेल्या बंदुकाच होत्या. रांगेने लढणाऱ्या पायदळाचा हिशेब दोन्ही खंडांत सारखाच होता.

११/
१७७७ मध्ये सॅराटोगा येथे डॅनियल मॉर्गनच्या रायफलधाऱ्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना टिपून मोठा गोंधळ उडवला. परंतु त्यांच्या जोडीला हेन्री डिअरबॉर्नचे संगीनधारी हलके पायदळ मुद्दाम दिलेले होते. रायफलीने दुरून टिपायचे आणि संगिनीने जवळचा हल्ला थोपवायचा, अशी ती विभागणी होती. दंतकथेने पहिला अर्धा भाग जपला आणि दुसरा विसरला.

१२/
७ ऑक्टोबर १७८० रोजी किंग्ज माउंटनवर रायफलीला अनुकूल भूमी मिळाली. पॅट्रिक फर्ग्युसनच्या राजनिष्ठ फौजेने टेकडीचा माथा धरला होता. डोंगरापलीकडून आलेले रायफलधारी झाडांच्या आडोशाने चारी बाजूंनी चढले. संगिनींचा हल्ला आला की ते उतारावर मागे सरत, गोळी ठासत आणि पुन्हा चढत. फर्ग्युसन ठार झाला. तो स्वतः मागून भरायच्या एका रायफलीचा जनक होता, हा या लढाईतील विलक्षण योगायोग.

१३/
या बंदुकीची आणखी एक बाजू आहे. डेलावेअर आणि शॉनी लोकांनीही रायफल आपलीशी केली होती. हरणाच्या कातड्यांच्या बदल्यात ते ती घेत आणि निष्णातपणे वापरत. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वाय पुढाऱ्यांनी जी भूमी इंग्रजांना दिली, तिच्यावर शॉनींचे शिकारीचे रान होते. त्यांची संमती घेतली गेली नव्हती. १७६९ च्या डिसेंबरात शॉनींनी डॅनियल बूनला पकडले, त्याने जमवलेली कातडी जप्त केली आणि परत न येण्याची ताकीद देऊन सोडले. बून परत आला, आणि त्याच्यामागून हजारो आले. ज्या बंदुकीला पुढे स्वातंत्र्याचे प्रतीक म्हटले गेले, तिच्याच साहाय्याने एका लोकसमूहाची भूमी गेली.

१४/
‘केंटकी रायफल’ हे नाव रुजले ते ८ जानेवारी १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर, केंटकीच्या शिकाऱ्यांचा गौरव करणाऱ्या एका लोकप्रिय गीतामुळे. त्या दिवशी ब्रिटिशांची सर्वाधिक हानी अमेरिकी तोफांनी केली होती. आणि बंदुका घडल्या होत्या मुख्यतः पेनसिल्व्हेनियात.

१५/
१८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथने आघाताने पेटणाऱ्या रसायनावर चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्या वाटेने पुढे टोपीच्या बंदुका आल्या आणि गारगोटी मागे पडली. कारखान्यांनी हातकारागिरी संपवली. विसाव्या शतकात ठासणीच्या बंदुकांच्या हौशी नेमबाजांनी १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापली. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर यांनी अठराव्या शतकाच्या पद्धतीने संपूर्ण रायफल घडवली; १९६९ च्या माहितीपटात हे सारे काम टिपले आहे. हरवत चाललेली विद्या पुन्हा हातांत आली.

१६/
आज अमेरिकेत अशा रायफलीचे किट मिळते : तयार नळी, यंत्रणा, ढोबळ आकाराचा दस्ता आणि पितळी भाग. तरी काम संपत नाही. नळीला काजळी फासून ती लाकडात दाबायची, जिथे काळा डाग उमटेल तेवढाच भाग तासायचा, पुन्हा दाबायची. असे शेकडो वेळा. यंत्रणेचा पुढचा स्क्रू नळी आणि गजाचे भोक यांमधल्या अरुंद जागेतून जातो. रंजकाच्या वाटीसमोर नळीचे छिद्र नेमके यावे लागते. ते खाली-वर झाले, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

१७/
बार काढतानाही शिस्त तीच. आधी मोजलेली काळी दारू, मग कापड-गोळी, मग गज. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, कारण मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगू किंवा फुटू शकते. रंजक सर्वांत शेवटी. चाप ओढल्यावर डोळ्यांसमोर ज्वाला भडकते आणि बार किंचित उशिरा उडतो. तोवर नेम स्थिर ठेवणे हीच खरी कला. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षारांच्या रूपाने मागे उरतो, म्हणून काही बारांनंतर गोळी ठासणे कठीण होते आणि सायंकाळी नळी धुतली नाही तर गंज धरतो. भारतात परवान्याविना बंदूक बनवणे हा शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

१८/
एक मिनिट हे पुस्तकात छोटे दिसते. समोरून संगिनी येत असताना काजळलेल्या नळीत गोळी ठासणाऱ्या माणसासाठी तो काळ किती लांब असेल, हे ठासणीची बंदूक भरून पाहणाऱ्याला कळते. मॉर्गनच्या रायफलधाऱ्यांना डिअरबॉर्नच्या संगिनी का लागल्या, याचे उत्तरही तिथेच आहे.