डोगा: गुन्हेगाराला कोर्टात न नेणारा मुंबईचा सुपरहिरो

नागराजच्या अंगात विष आहे, सुपर कमांडो ध्रुवकडे डोकं आहे. मग राज कॉमिक्सच्या डोगाकडे काय आहे? कुत्र्याचा मुखवटा, कमावलेलं शरीर आणि भरपूर बंदुका.

दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कर्फ्यू’ या हिंदी कॉमिक्समधून त्याला आणलं. लेखन तरुणकुमार वाही आणि संजय गुप्ता यांचं, चित्रं मनू यांची. शहर मात्र मुंबई.

गोष्ट अशी आहे. कचऱ्यात टाकून दिलेलं एक बाळ चंबळचा डाकू हलकान सिंगला सापडतं. त्याला माया वगैरे काही येत नाही. पोलीस आले की पुढे धरायला ढाल हवी, म्हणून तो ते पोर ठेवून घेतो आणि कुत्र्यासारखं वागवतो. हाच सूरज पुढे मुंबईत येतो. अदरक चाचांच्या लायन जिममध्ये त्याला घर मिळतं. अदरक, धनिया, हल्दी आणि काली हे चार भाऊ त्याला व्यायाम, बॉक्सिंग, मार्शल आर्ट, नेमबाजी शिकवतात. (हो, नावं थेट मसाल्याच्या डब्यातली आहेत.)

दिवसा सूरज, रात्री डोगा. शहरातले भटके कुत्रे ही त्याची फौज.

बॅटमॅन शक्यतो जीव घेत नाही, डोगा घेतो. त्यामुळे त्याची तुलना मार्व्हलच्या 1974 मधल्या ‘पनिशर’शी होते. पण डोगाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या गोष्टीतला सगळ्यात क्रूर माणूस त्याला वाढवणाराच आहे, आणि बंदुकीने निकाल लावायची रीत दोघांचीही तीच.

हे सगळं मुंबईत घडणं वाचकाला अजिबात खोटं वाटलं नसणार. एकेकाळी माटुंगा-धारावी पट्ट्यात वरदराजन मुदलियारची सत्ता चालायची. माटुंग्याला लागून असलेल्या वडाळ्यात 11 जानेवारी 1982 ला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून तेच सांगितलं जातं. 1992-93 च्या दंगलीत शहराने खराखुरा कर्फ्यू पाहिला.

डोगा लोकप्रिय होत होता त्याच काळात, 1995 ते 1997 मध्ये, मुंबई पोलिसांच्या 99 एन्काउंटरमध्ये सुमारे 135 जण मारले गेले. हे प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने 16 नियम घालून दिले: एफआयआर नोंदवायचा, स्वतंत्र तपास करायचा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायची. म्हणजे मुखवटा नसलेल्या, वर्दीतल्या माणसालाही गोळी का झाडली याचा हिशेब द्यावा लागतो. डोगाला तो कधीच द्यावा लागला नाही.

अनुराग कश्यप त्याच्यावर सिनेमा करणार, कुणाल कपूर डोगा होणार, अशी बरीच चर्चा झाली होती. तो सिनेमा काही आला नाही. जुने अंक हवे असतील तर माटुंग्यात किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत, तिथे नशीब आजमावता येईल.