किर्लोस्करवाडी

किर्लोस्करवाडी हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील एक औद्योगिक गाव आहे. उद्योजक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानच्या हद्दीत त्याची स्थापना केली. कारखाना आणि कामगारांची वसाहत एकाच आराखड्यात उभारण्याचा हा भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. मुळात लोखंडी नांगरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आज पंपांच्या निर्मितीसाठी ओळखले जाते. उद्योगाची वाढ आणि त्यात काम करणाऱ्या माणसांची वाढ यांची सांगड घालणारे उदाहरण म्हणून व्यवस्थापनाच्या अभ्यासात त्याचा विचार केला जातो.

== पूर्वपीठिका ==

लक्ष्मणराव यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नसल्याने त्यांना तो मार्ग सोडावा लागला. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. दरम्यान १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान सुरू झाले होते. ते बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा सांभाळत. डावलल्या गेलेल्या बढतीनंतर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावी आले.

तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत असल्याने या नांगराला सुरुवातीस गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असणे पुरेसे नाही, तो वापरणाऱ्याच्या मनातील शंकाही दूर झाली पाहिजे, हा धडा त्यांना येथे मिळाला. पुढे विक्री आणि प्रचार यांसाठी स्वतंत्र माणसे नेमण्यात या अनुभवाचा वाटा होता.

== स्थापना ==

नगरपालिकेने उपनगराच्या विस्तारासाठी जागा मागितल्याने बेळगावचा कारखाना हलवणे भाग पडले. या सुमारास औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांना मिळाले. हेच स्थानक पुढे किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. स्वदेशी उद्योगांना आश्रय देण्याच्या औंधच्या याच धोरणातून पुढे कराडजवळ ओगले काच कारखानाही वाढला.

मिळालेली जमीन खडकाळ व निवडुंगाने भरलेली होती आणि तेथे पाण्याचीही टंचाई होती. जागेची जमेची बाजू एकच होती, ती म्हणजे लोहमार्गाचे सान्निध्य. कच्चे लोखंड आणि कोळसा आणणे, तयार नांगर पाठवणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या. मार्च १९१० मध्ये काही मोजक्या कामगारांनी आपल्या कुटुंबांसह येथे वस्ती केली.

== नियोजन ==

माळावर केवळ कारखाना उभारून चालण्यासारखे नव्हते. आसपास राहण्याजोगी घरे नसल्याने कुशल कारागीर टिकणे कठीण होते. म्हणून यंत्रशाळा आणि ओतशाळेबरोबरच घरे, रस्ते, पाणीपुरवठा, शाळा व दवाखाना यांचा विचार करण्यात आला. या सोयी टप्प्याटप्प्याने वाढत गेल्या. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळातील ग्रामजीवन पाहता ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

उत्पादनाची निवडही टप्प्याटप्प्याने झाली. नांगर व कडबा कापण्याचे यंत्र यांच्या पाठोपाठ उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप आणि लोखंडी फर्निचर तयार होऊ लागले. या वस्तूंची गिऱ्हाइके बहुतांशी एकच, म्हणजे शेतकरी होती आणि त्यांना लागणारे ओतकामाचे कौशल्यही सारखे होते. त्यामुळे एका वस्तूसाठी शिकवलेला कारागीर दुसरीसाठी उपयोगी पडे आणि हंगामानुसार मागणी बदलली तरी त्याला काम मिळे.

== सहकारी आणि कामाची विभागणी ==

लक्ष्मणरावांचे लक्ष मुख्यतः यंत्ररचना व निर्मितीकडे असे. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभोराव जांभेकर व अनंतराव फळणीकर हे तांत्रिक बाजूचे आधारस्तंभ होते, मंगेशराव रेगे यांनी हिशेब व कार्यालय सांभाळले, तर के. के. कुलकर्णी यांनी बाहेरील व्यवहारांचा भार उचलला. यांतील काहींचे औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेले होते. पदवीपेक्षा हातातील कसब व कामाची आस्था पाहून त्यांच्यावर जबाबदारी टाकण्यात आली आणि ती पेलताना ते घडत गेले. शिक्षा भोगून आलेल्या काही व्यक्तींना येथे पहारेकरी म्हणून नेमण्यात आले व त्यांनीही तो विश्वास सार्थ ठरवला.

या विभागणीचे दोन विशेष सांगता येतात. पहिला असा, की प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले असल्याने निर्णय खोळंबत नसत. दुसरा असा, की ही सर्व माणसे एकाच वसाहतीत राहत असल्याने ओतशाळेतील अडचण कार्यालयापर्यंत आणि गिऱ्हाइकाची तक्रार यंत्रशाळेपर्यंत लवकर पोहोचे.

== अडचणींचा काळ ==

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) परदेशी मालाची आवक घटली. त्यामुळे स्वदेशी नांगराची मागणी वाढली. मात्र त्याच वेळी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. अशा वेळी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशाचा वापर, जुन्या तोफा वितळवून लोखंड मिळवणे असे उपाय योजण्यात आले.

१९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही जाळपोळीची झळ बसली. त्यानंतर कारखान्याची पुन्हा उभारणी करण्यात आली.

== विस्तार ==

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची स्थापना होऊन घरगुती स्वरूपाच्या व्यवसायाला भागधारकांच्या कंपनीचे रूप मिळाले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यंत्रअभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. या काळात पंपांच्या निर्मितीला चालना मिळाली. पुढे हरिहर येथे यंत्रहत्यारांचा (१९४१), तर बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा व पुणे येथे तेल एंजिनांचा (दोन्ही १९४६) असे स्वतंत्र उद्योग निघाले. किर्लोस्करवाडीत तयार झालेल्या व्यवस्थापकांचा व तंत्रज्ञांचा अनुभव या उद्योगांच्या कामी आला.

== नियतकालिके ==

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव (शं. वा.) किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांना व शेतकऱ्यांना देणे हा त्याचा मूळ हेतू होता. हळूहळू त्याचे वाङ्मयीन व सामाजिक विषयांच्या मासिकात रूपांतर होऊन ते 'किर्लोस्कर' या नावाने निघू लागले. 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही त्याची भावंडे होत. स्त्रीशिक्षण, बुद्धिवाद व समाजसुधारणा यांवरील लेखनामुळे या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वावर ठसा उमटवला. कारखान्याच्या प्रचारपत्रातून मराठीतील एक महत्त्वाची मासिक-परंपरा जन्माला यावी, ही घटना वाङ्मयेतिहासात लक्षणीय मानली जाते.

== मूल्यमापन ==

किर्लोस्करवाडीच्या यशात संस्थानिकाचा आश्रय, रेल्वेची सोय आणि स्वदेशीचे वातावरण यांचा वाटा मोठा आहे. तथापि, असा आश्रय मिळूनही अनेक समकालीन उद्योग टिकले नाहीत. येथील टिकाऊपणाचे श्रेय माणसांची पारख, कामाची स्पष्ट वाटणी आणि आवाक्यातील टप्प्यांनी केलेली वाढ यांना द्यावे लागते.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. मालक हाच गावाचा कारभारी असल्याने कामगाराचे घर, मुलांची शाळा आणि नोकरी ही तिन्ही एकाच हातात एकवटली होती. अशा व्यवस्थेत न्याय मिळणे चालकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहते. नोकरी गेल्यास निवाराही जाण्याचा धोका असतो. कामगारसंघटना, कामगार कायदे आणि ग्रामपंचायत यांच्या आधारे पुढील काळात हे संबंध अधिक औपचारिक होत गेले. वैयक्तिक विश्वासावर उभी राहिलेली संस्था मोठी होताना नियमांवर कशी आणावी, हा प्रश्न किर्लोस्करवाडीच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतो आणि वाढणाऱ्या प्रत्येक उद्योगापुढे तो आजही उभा आहे.